दाराचा दुसरा पल्ला

शिंकायचं तर सात वेळा. चार झाल्यावर समोरचा बोलायला लागला, तर हात वर करून त्याला थांबवायचं. सात पुऱ्या झाल्या की मग म्हणायचं, "हां, बोल."

पेन्सिल उजव्या कानावर, श्वासाचा पंप डाव्या खिशात. फार घाई झाली की पेन्सिल तोंडाशी न्यायची आणि पंप कानावर ठेवायला बघायचा.

कुणाच्याही घरी गेलं की आधी चौकटीवर दोनदा बोटानं वाजवायचं. लाकूड कळलं की मान हलवायची. मग सलाम.

फळी नाकाशी धरून ती कोणत्या जंगलातली ते सांगायचं. वर्षातले नऊ महिने नाक बंद असलं तरी सांगायचंच.

आणि श्वास लागला की दोष कुणाला द्यायचा, त्याची यादी तोंडपाठ. बायकोच्या, सईदाच्या, मिरचीच्या फोडणीला. शेजारच्या उदबत्तीला. सिरोंच्याकडं जाणाऱ्या बसच्या धुराला. समोरच्या केसरबाईच्या बकरीला. भुशाला कधीच नाही.

आलापल्लीच्या बाजाररस्त्यावर नूर मोहम्मद मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान आहे. वय अठ्ठावन्न. त्यांतली चव्वेचाळीस वर्षं सागवानात गेली. दमा त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांचा. पण तो आहे हे मान्य करायलाच त्यांना दहा वर्षं लागली.

भूपेश त्यांच्याकडं पुस्तकं ठेवायला लाकडी मांडणी करून घ्यायला आला होता. तलावावर मासे धरणाऱ्या इस्तारीचा हा मुलगा मराठी घेऊन एम. ए. झाला होता, आणि इथल्या कॉलेजात तासांवर शिकवत होता. नूरचाचा म्हणाले, "आठ दिवसांनी ये." आठ दिवसांनी तो आला. मग दर आठ दिवसांनी येत राहिला. चौदा महिन्यांनी मांडणी मिळाली तेव्हा ती इतकी देखणी होती, की तिच्यात ठेवायला आपली पुस्तकं कमी दर्जाची आहेत असं त्याला वाटलं. तोवर त्याला तिथल्या स्टुलाची सवय झाली होती. मांडणी घरी गेली, भूपेश येतच राहिला.

दुकान पुढं, घर मागं. मधे एक चौकट. चौकटीला दार नव्हतं.

लग्न झालं त्या वर्षी नूरचाचांनी चौकट बसवली आणि सईदाचाचींना सांगितलं, "दार ईदनंतर." कोणत्या ईदनंतर, ते सांगायचं राहिलं. सव्वीस वर्षं त्या चौकटीत चाचींची एक जुनी साडी लटकत होती. साडी दर दोन वर्षांनी बदलायची, दार काही यायचं नाही. पाहुणे आले की चाची साडीकडं बोट दाखवून म्हणायच्या, "हे पहा. गावातल्या मोठ्या मिस्त्रीच्या घरचं दार. धुता पण येते."

चाचा ऐकू न आल्यासारखं करून रंधा मारत राहायचे. त्यांच्या रंध्यातून सोनेरी भुसा उडायचा, आणि साडीच्या खालून सरळ घरात जायचा. गादीवर बसायचा, पाण्याच्या माठावर बसायचा, चाचांच्या उशीवर बसायचा.

पंपाचं गुपित भूपेशला पहिल्याच महिन्यात कळलं. चाचांनी पंप 'दीड इंची स्क्रू' असं लिहिलेल्या डब्यात ठेवला होता. श्वास लागला की ते स्क्रू शोधायला फळ्यांच्या मागं जायचे, मोठ्यांदा खोकायचे, आणि त्या खोकल्याच्या आड पंपाचा 'फुस्स' दाबून टाकायचे. परत यायचे ते स्क्रूशिवाय.

"लपवता काऊन चाचा?" भूपेशनं विचारलं.

"अबे, पंप लागला म्हणजे मिस्त्री खतम झाला, असं म्हणतेत लोक. दोन वर्षांचं दाराचं काम कोन देईल मले मग?"

"पण तुम्ही दोन वर्षांचं काम घेता, आणि चार वर्षं लावता."

"त्याच्यासाठी तर माणूस टिकावू पाहिजे न."

एकदा मात्र ते उघड्यावर सापडले. लटारूभाऊ खाटेचं माप द्यायला आले, तेव्हा पंप हातातच होता.

"हे काय आहे मिस्त्री?"

"अत्तर," चाचा म्हणाले.

लटारूभाऊंना दुपारी कुठंतरी साक्षगंधाला, साखरपुड्याच्या जेवणाला, जायचं होतं. त्यांनी मान पुढं केली. "मले पण मारा न जरा."

चाचांनी भूपेशकडं पाहिलं. भूपेशनं जमिनीकडं पाहिलं. मग चाचांनी लटारूभाऊंच्या शर्टाच्या कॉलरवर, डावीकडं एकदा आणि उजवीकडं एकदा, दम्याचं औषध मारलं.

लटारूभाऊंनी वास घेतला. "वास काऊन नाई येत?"

"महागाच्या अत्तराचा वास लगेच येत नाई. जेवनापर्यंत थांबा."

ते समाधानानं गेले. चाचा फळ्यांच्या मागं जाऊन इतके हसले, की त्यांना पुन्हा पंप घ्यावा लागला.

पुढं चाचींनीच त्यांना सरकारी दवाखान्यात ओढत नेलं. कागदपत्रं वाचायला भूपेश सोबत. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, मराठवाड्यातल्या, आणि बोलायला नेमक्या. त्यांनी दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा, आणि घेतल्यावर चूळ भरायची. दुसरा घाईचा, श्वास लागला तरच. आजवर चाचा फक्त घाईचाच घेत होते. रोजचा पूर्वीही लिहून मिळाला होता, पण त्याला ते 'फुकट खर्च होणारा' म्हणत. मॅडमनी पंपाला लावायची प्लास्टिकची एक नळीही दिली. पंप थेट तोंडात मारला की औषध घशातच चिकटतं. आधी नळीत मारलं आणि मग सावकाश ओढलं, तर ते छातीत पोचतं.

चाचांनी नळी हातात फिरवली. जोडावर नख लावलं.

"मॅडम, याचा जोड हलून राह्यला."

"तो हलला तरी चालतो."

"चालते कसा?" चाचा म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी नळीचं माप तळहातावर लिहून घेतलं. भूपेशला तेव्हाच शंका यायला हवी होती.

महिन्यानं ते तपासणीला गेले. श्वास आधीपेक्षा वाईट होता, पण चेहऱ्यावर तेज होतं. त्यांनी पिशवीतून मलमलीत गुंडाळलेली वस्तू काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. सागवानाची नळी. लाकूड फिरवणाऱ्या खरादीवर कातलेली, दोन भागांची. जोड कुठं आहे ते भिंग घेऊनही दिसलं नसतं. तोंडाशी आठ पाकळ्यांचं फूल कोरलेलं.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "सुंदर आहे. आतून काय लावलंय?"

"काहीच नाई. कच्चं सागवान. पालिश पोटात गेलं तर बरं नाई न."

मॅडमनी एक पांढरा कागद घेतला आणि त्यावर नळी हलकेच आपटली. कागदावर सोनेरी धूळ पडली. बारीक, मऊ, अगदी उत्तम प्रतीची.

"मिस्त्री, औषध या लाकडातच मुरलं. तुम्ही महिनाभर, दिवसातून दोनदा, भुसा ओढलात."

सईदाचाची इतक्या हसल्या की बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी आत डोकावून पाहिलं.

"सागवान कोनाले बाधत नाई मॅडम," चाचा ताठ बसून म्हणाले. "राजवाड्याले लावतेत."

"राजाला दमा असला तर राजालाही बाधेल. तुम्हाला सागवानाच्याच भुशाची ॲलर्जी आहे. कोणती फोडणी नाही, बकरी नाही."

चाचांचा चेहरा पडला. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्यासोबत उठबस केली, त्यानंच चहाडी केल्यासारखा. भूपेशला हसू येत होतं. मग येईना.

मॅडमनी काम सोडा असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. त्यांनी तोंडाला चांगला मास्क सांगितला. कोरडा झाडू नको, ओलं फडकं. गाद्या-उशा उन्हात. मग विचारलं, "दुकान आणि घर यांच्यामधे दार आहे का?"

चाची खुर्चीत पुढं सरकल्या. "मॅडम, हे जरा पुन्हा बोला. मी मोबाईलवर भरून घेते."

"मधे घट्ट बसणारं दार हवं. निदान झोपायच्या खोलीत तरी भुसा यायला नको."

सव्वीस वर्षांनी दार सरकारी कागदावर लिहून मिळालं. चाचींनी तो कागद साडीच्या पदराला बांधून घरी आणला. लाकडाची नळीही आणली. तिच्यात आता चमचे असतात.

मॅडमनी आणखी एक वस्तू दिली होती. फुंकायचं मीटर. एक छोटी नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. रोज सकाळी तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. चाचांचं चांगल्या दिवसाचं माप साडेतीनशे. "अडीचशेच्या खाली आलं की काम बंद. घाईचा पंप घ्यायचा, बसायचं, नाही उतरलं तर इकडं यायचं. त्या दिवशी रंध्याला हात लावायचा नाही. उशीर केलात तर एखाद्या दिवशी दवाखान्यापर्यंत पोचणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी चाचींकडं बघून म्हटलं. चाचींनी भूपेशकडं पाहिलं. वही भूपेशकडं आली, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं.

चंद्रपूरला मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या मुबीननं, त्यांच्या मुलानं, फोनवर सांगितलं, "अब्बा, प्लास्टिकचं दार तयार मिळते. उद्या पाठवतो."

चाचांनी फोन कानापासून लांब धरला, जणू त्यातूनच धूळ येत होती. "नूर मोहम्मदच्या घरी प्लास्टिकचं दार? तू त्यापेक्षा माहा जनाजा पाठव."

"तर मग दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घ्या."

फोन बंद झाला.

तर भुसा अडवायला दार, आणि दारासाठी भुसा. भूपेशनं हे बोलून दाखवलं, तेव्हा चाचा म्हणाले, "तू साहित्यात राह्य. सुतारकामात नको पडू."

दार दोन पल्ल्यांचं ठरलं. जानेवारीत सुरू झालं. खरोखरच मास्क लावून, फळी ओल्या फडक्यानं पुसून, मागच्या अंगणात उघड्यावर. फेब्रुवारीत पहिला पल्ला बसला. चाचींनी तो तीस वेळा उघडला, तीस वेळा लावला. उरलेल्या अर्ध्या चौकटीत साडी अर्धी दुमडून लावली.

"अर्धं दार म्हणजे दमा पण अर्धाच," चाचा म्हणाले.

वहीतही तसंच दिसत होतं. तीनशे. तीनशे. तीनशे. पहिला पल्ला बसल्यापासून एकोणचाळीस दिवस तीनशे. माणसाचा श्वास नव्हे, रंधा मारून सारखी केलेली फळी.

चाळिसाव्या सकाळी भूपेशनं काय होतंय ते पाहिलं. मोहफुलांचा हंगाम होता. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तो धूर सगळ्या गावावर बसला होता. चाचांनी तीनदा फुंकलं. काटा दोनशे दहावर अडकला. चाचांनी मीटर उजेडाकडं वळवलं, चष्मा नीट केला आणि अंगठ्याच्या नखानं काटा हळूच पुढं सारला.

सांध्यात केसभर फट दिसली तर आख्खी चौकट मोडणारा माणूस.

"लिही. तीनशे."

भूपेशनं पाहिलं होतं. मोठ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं, हे त्याला कळेना. त्यानं लिहिलं. सुंदर अक्षरात.

अकराच्या सुमारास दुसऱ्या पल्ल्याला पालिशपेपर घासताना चाचांनी हात वर केला. शिंकेसाठी करायचे तसा. भूपेश सात मोजायला लागला. शिंक आलीच नाही. चाचा खाली बसले, खांदे वर उचलून श्वास ओढायला लागले. पंप घेतला, पुन्हा घेतला. ओठ निळसर झाले.

भूपेशनं त्यांना मोटरसायकलवर बसवलं. मागं चाची, मधे चाचा. चाचांनी रस्त्यावरच्या कोणत्याही दाराला नाव ठेवलं नाही. भूपेशला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली.

दवाखान्यात वाफेचा मास्क लागला. दोन तासांनी चाचा पहिलं वाक्य बोलले. "या खाटेचा डावा पाय लहान आहे." चाचींनी तेव्हा डोळे पुसले.

मॅडम वही चाळत होत्या.

"ही वही बघून मी पुढच्या खेपेला तुमचा रोजचा पंप कमी केला असता," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतका सुधारलेला माणूस. आज सकाळी पण तीनशे?"

चाचांनी अंगठा मुठीत लपवला.

"मी पाहिलं होतं," भूपेश म्हणाला. "काटा सारताना. तरी लिहिलं."

चाचींनी त्याच्याकडं पाहिलं. "सतरा वर्षं शिकून हे लिहिलंस काय रे?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आन् तुमी. गिऱ्हाइकानं दाराचं माप एक सूत चुकीचं देल्लं, तर बाजारात उभं करून त्याची इज्जत काढता. म्हनता, खोट्या मापाचं दार कोनाच्या घराले बसंन? आता ह्या मॅडमनं तुमच्या खोट्या मापाले दवाई कशी बसवाची?"

चाचांनी मास्क परत तोंडावर ओढून घेतला. औषधासाठी की उत्तर टाळण्यासाठी, ते कळलं नाही.

तीन आठवडे चाची त्यांना रंध्याजवळ जाऊ देत नव्हत्या. चाचा बाजेवर बसून रस्त्यावरच्या लोकांची खुर्च्या-टेबलं सुधारत होते, नुसत्या तोंडानं. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, प्लास्टिकच्या नळीतून. दर वेळी जोडाकडं बघून एक उसासा, मग चूळ. वहीतले आकडे आता वर-खाली व्हायला लागले. दोनशे सत्तर. दोनशे नव्वद. दोनशे साठ. तीनशे वीस. चाचा फुंकत असताना भूपेश त्यांच्या अंगठ्याकडं बघायचा, आणि चाचा त्याच्याकडं. "काऊन बे, पोलीस झाला काय?"

एप्रिलमधे त्यांनी दुसरा पल्ला परत बाहेर काढला. त्यात चार फळ्या बसायच्या होत्या. तीन बसल्या. दाराचा विषय आता सगळ्या रस्त्याचा झाला होता. अंजुम, त्यांची मुलगी, बल्लारशाहहून यायची होती, दुसऱ्या दिवशी. तिच्यासमोर पूर्ण दार लावायचं, असं चाचांनी चार लोकांत सांगून टाकलं होतं. सईदाचाचींनी साडी धुऊन, घडी करून, वर ठेवूनही दिली होती.

दुपारी चौथी फळी उरली होती. एका बाजूनं अर्धं सूत जाड. रंध्याचे दहा-बारा हात, बस. चाचांनी मास्क बांधला, फळी पुसली, रंधा घेतला. सहा हात झाले असतील. सातव्याला ते अर्ध्यात थांबले.

"भुप्या, ते मीटर आन."

सकाळी दोनशे ऐंशी झालं होतं. आता त्यांनी फुंकलं. पुन्हा. पुन्हा. मीटर उजेडाकडं वळवलं. चष्मा नीट केला.

भूपेश त्यांच्या अंगठ्याकडं बघत होता. अंगठा उचलला गेला. काट्याजवळ गेला. मग तिथून निघाला आणि दाढी खाजवायला लागला.

"दोनशे तीस," चाचा म्हणाले. "लिही."

"दोनशे तीस?"

"काऊन? हा आकडा शिकवला नाई काय कॉलेजात?"

"चाचा, पण चार-पाच हातच राह्यले. अंजुमदीदी उद्या—"

"राह्यले तर राह्यले." त्यांनी मास्क काढला. "काम बंद."

भूपेश उभाच राहिला. गेल्या तीन वर्षांत या माणसानं, पहिला पल्ला बसवताना सईदाचाचींनी तीनदा हाक मारली तरी, हातातला स्क्रू अर्धा सोडला नव्हता.

आतून चाची पळत आल्या, हातात झारा. "रंध्याचा आवाज काऊन बंद झाला? काय झालं?"

"काही नाई. थांबलो."

"थांबले?" त्यांनी चाचांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुमी? ताप तर नाई न?"

चाचा दुकानाच्या पुढं, रस्त्याच्या तोंडाशी स्टूल घेऊन बसले. पंप हलवला, प्लास्टिकच्या नळीला लावला आणि सगळ्या बाजाररस्त्यासमोर फुस्स केलं. सावकाश ओढलं. धरून ठेवलं. सोडलं.

सायकलवरून लटारूभाऊ जात होते. थांबले. "काय मिस्त्री, तेच अत्तर काय?"

"दवा आहे, लटारू. दम्याची," चाचा म्हणाले. "तुले मारली होती त्या दिवशी. माफ कर."

लटारूभाऊंनी जरा विचार केला. "मी बी म्हनलं, मांडवात त्या दिवशी मस्त मोकळं काऊन वाटून राह्यलं!"

चाचा हसायला लागले. मग हात वर करून, जपून, हसणं थांबवलं.

चाचींनी घडी केलेली साडी परत खाली काढली. एका बाजूला सागवानाचा पल्ला लावून घेतला, दुसऱ्या बाजूला साडी ओली करून सोडली. मागच्या अंगणात भूपेश एकटाच उभा होता. तीन फळ्यांचा पल्ला भिंतीला टेकलेला. चौथी फळी ठोकळ्यावर, तिच्यावर पेन्सिलीची रेघ. रेघेच्या अलीकडं गुळगुळीत, पलीकडं खडबडीत. रंधा तिथंच टेकवलेला, आणि त्याच्या तोंडात सातव्या हाताची साल, अर्धी गुंडाळलेली, लाकडाला अजून चिकटलेली.